दोन इंची स्क्रू

"गॅस संपत न्हाई, सर. गॅस जातो."

मामांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. ते माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकले होते आणि उजव्या हाताचं मधलं बोट एसीच्या पाइपच्या जोडावरून हळूहळू फिरवत होते. मग ते बोट त्यांनी अंगठ्यावर घासलं, डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं आणि शर्टाला पुसलं. "संपायला तो काय घरचा सिलिंडर हाय? आत शेगडी लावलीय का कुनी? बंद पाइपातला गॅस हाय तो. कमी झाला म्हंजे त्याला कुटनं तरी वाट घावली. ती वाट हुडकायची. गॅस काय, कोनबी भरंल."

मला हसू आलं. यात हसण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तर मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना रेफ्रिजरेशन शिकवतो. अठरा वर्षं मी फळ्यावर एक चौकोन काढतो, त्याला चार बाण काढतो आणि खाली लिहितो, बंद चक्र. यात वायू फिरत राहतो, खर्च होत नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो. आणि याच मी त्या उन्हाळ्यात तीन वेगवेगळ्या गॅरेजांत जाऊन, "सर, गॅस संपलाय," हे वाक्य मान डोलावत ऐकलं होतं आणि तीनदा गॅस भरून आलो होतो. एकाही ठिकाणी मला माझा चौकोन आठवला नाही.

मामांना मी व्यवसाय सांगितला तेव्हा त्यांनी प्रथमच मान वर केली. "मग सर, तुमच्या पुस्तकात गॅस कुटनं जातो ते दिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "पुस्तकातला जात नाही."

"लई भारी पुस्तक हाय," मामा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

भोसरीहून मोशीकडे जाताना, टायरवाला आणि चायनीजची गाडी यांच्या मधोमध त्यांची पत्र्याची शेड होती. मामा हे अर्थातच कुणाचेच मामा नव्हते. पन्नाशी उलटलेले, काटक, राजगुरुनगरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचे. शेडवरचा बोर्ड त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवला होता: 'येथे नुसता गॅस भरून मिळणार नाही.' धंदा कसा करू नये हे शिकायचं असेल तर तो बोर्ड नमुना म्हणून दाखवता आला असता. निम्मी गिऱ्हाइकं तो वाचूनच पुढे जायची. उरलेल्यांपैकी निम्मी मामांचं बोलणं ऐकून जायची.

त्यांची पद्धत अशी. पाइपांत दाब धरायचा आणि एका वाटीत रिठ्याचा फेस करायचा. साबणाचा फेस त्यांना चालत नसे, "त्यो आपलाआपलाच फुगतो, लबाड असतो," असं त्यांचं मत होतं. मग दाढीच्या ब्रशने तो फेस एकेका जोडाला लावायचा आणि उकिडवं बसून बघत राहायचं. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. गिऱ्हाईक बोललं तर ओठांवर बोट. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि कुठेतरी मोहरीएवढा एक बुडबुडा उगवला की मामांचा चेहरा खुलायचा. हाक यायची, "या, दर्शन घ्या!"

हे दर्शन चुकवता यायचं नाही. तुम्ही म्हणालात, असू द्या हो मामा, तुमच्यावर विश्वास आहे, तर ते काम थांबवून हात बांधून उभे राहायचे. पांढऱ्या शर्टातले, टाय लावलेले लोक मी त्या शेडमध्ये कमरेत वाकून बुडबुडा बघताना पाहिले आहेत.

इथवर ठीक होतं. पण मामांना गळती सापडून समाधान होत नसे. ती कुणी केली तेही ठरवावं लागे, आणि त्या माणसाच्या तोंडावर सांगावं लागे.

एकदा माझ्यासमोर एक जोडपं आलं. नवरा वाटेतच सुरू झाला होता, की बायकोने गाडी कुठेतरी ठोकली म्हणून एसी गेला. मामांनी पुढची, गॅस गार करणारी जाळी तपासली, फेस लावला, दर्शन झालं. जाळीला समोरून खोलगट खड्डा पडला होता. मामांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "दसऱ्याला नारळ कुनी फोडला?"

"मी," नवरा म्हणाला. "का?"

"कशावर फोडला?"

नवऱ्याने बंपरवरचा हात काढून घेतला. बायको मात्र टायरवाल्याच्या बाकावर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मामांनी शांतपणे सांगितलं, "दगडावर फोडायचा असतो सायेब. देवाला तेवढाच पोचतो." ते गृहस्थ काम करून घेऊन गेले, पण पुन्हा त्या रस्त्यानेही आले नसावेत.

मी मामांना विचारलं होतं, की हे सांगायची काय गरज असते? माणूस दुखावतो, गिऱ्हाईक तुटतं. तेव्हा त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. चाकणच्या एका कंपनीत ते पंधरा वर्षं लीक टेस्टला होते. तयार झालेला भाग पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. आला तर लाल शिक्का, नाही तर हिरवा. "माशानं बी इतकं पानी बघितलं नसंल," ते म्हणाले. एकदा महिनाअखेरीला माल कमी पडत होता. साहेबाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की बारीक बुडबुडे सोडून दे. मामांनी सोडून दिले. माल परत आला तेव्हा शिक्क्यावर सही मामांची होती, साहेब मीटिंगमध्ये होते. मामांनी नोकरी सोडली. "तवापास्नं ठरवलं, कुनाचा बुडबुडा झाकायचा न्हाई. आपला बी न्हाई, दुसऱ्याचा बी न्हाई. बारा वर्षं झाली, गाडीच्या कामात एक शब्द खोटा बोललो न्हाई."

हे ऐकताना मला फार आदर वाटला. आदर वाटणं सोपं असतं, आपल्या गाडीतला बुडबुडा अजून सापडलेला नसतो तोवर.

आता माझ्या गाडीबद्दल. ती माझी नव्हती, अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील; ते पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती घेतली आणि चौदा वर्षं तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा पाना पडू दिला नाही. टूलरूमच्या माणसाचा अहंकार तुम्ही जवळून पाहिला असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. साहेबाला इंग्रजी येतं, पण भोक सरळ पाडता येत नाही, हे त्यांचं जगाबद्दलचं थोडक्यात आकलन होतं. माझ्याबद्दलचंही. मी पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन बांधणी काटकोनात आहे का ते आधी पाहिलं.

त्याच अण्णांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पिंपळे गुरवहून दवाखाना तसा फार लांब नाही, पण परत येताना भर दुपार असायची, रक्तदाब खाली गेलेला असायचा, आणि नाशिक फाट्याला आम्ही अर्धा तास उन्हात उभे. एकदा सिग्नलला मी वळून पाहिलं तर अण्णा घामाने थबथबून एका बाजूला कलंडले होते. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की यांना उकाड्यात ठेवू नका. टॅक्सी करू म्हटलं तर अण्णांचं उत्तर तयार होतं. "भाड्याच्या गाडीतून दवाखान्यात गेलं की आजारी असल्यासारखं वाटतं."

त्यात आमच्या गाडीत एक पंखा होता. अण्णांना एसी मुळात आवडायचा नाही, डिझेल पितो म्हणून. आजाराच्या थोडं आधी त्यांनी डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला एक छोटा पंखा स्वतः बसवला होता. ड्रिल मारून, पट्टी लावून, स्क्रू आवळून. हात थरथरायला लागण्यापूर्वी त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. मी कधी चिडून एसीची बटणं दाबत राहिलो की ते मागून क्षीण आवाजात म्हणायचे, "बघ, बरं झालं की नाही मी पंखा लावून ठेवला? एसीने ऐन वेळी दगा दिला." पंखा गरम हवा इकडची तिकडे करायचा. अण्णा त्याच्याकडे फार कौतुकाने बघायचे.

मामांनी माझी गाडी तीन दिवस ठेवून घेतली. पहिल्या दिवशी सगळ्या जोडांना फेस लावून झाला, बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक भाग वेगळा करून त्यात दाब धरला. सगळे पास झाले. उरली ती फक्त डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल. "म्हंजे सगळा डॅशबोर्ड उतरावा लागतोय," मामा म्हणाले. "उद्या या."

मी एकटाच जाणार होतो. पण तो डायलिसिसचा दिवस नव्हता आणि अण्णा सकाळीच बूट घालून बसले होते. "माझी गाडी उघडणार आणि मी घरी बसू?" आम्ही रिक्षाने गेलो. मामांनी त्यांना टायरवाल्याकडच्या सावलीत खुर्ची दिली आणि मला आत बोलावलं.

डॅशबोर्ड बाजूला काढून ठेवला होता. पंखाही. मामांच्या एका हातात कॉइल होती आणि दुसऱ्या हातात एक स्क्रू. त्यांनी कॉइल पाण्याच्या टबात बुडवली, हवा सोडली. एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. मग त्यांनी कॉइल बाहेर काढली, तो स्क्रू त्या भोकात घातला आणि पुन्हा बुडवली. माळ थांबली. बऱ्याच वेळाने एकच बुडबुडा सुटला. त्यांनी स्क्रू पुन्हा काढून हातात घेतला.

"पाऊन इंची पुरला असता," मामा हळू आवाजात म्हणाले. "दोन इंची घातलाय. आरपार आत. आन् ज्यानं भोक पाडलं त्योच बूच हून बसला, म्हनून गॅस टिपटिप जात व्हता. पंखा कुनी लावला?"

दोन इंची का, हे मला विचारायची गरज नव्हती. काम करायचं तर पक्कं करायचं, हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आमच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा चार इंची खिळ्यावर आहे.

मी दारातून बाहेर पाहिलं. अण्णा टायरवाल्याला काहीतरी समजावून सांगत होते. ज्या उकाड्यात ते अर्धमेले होत होते, तो उकाडा त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रू आवळून गाडीत बसवला होता. किडन्या गेल्या, खाणं गेलं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. एवढं सगळं गेलं तरी आपल्या हाताबद्दल त्यांना एक क्षण शंका आली नव्हती. ती आता येणार होती, आणि ती आणणारा माणूस माझ्यासमोर स्क्रू धरून उभा होता.

"मामा, त्यांना सांगू नका," मी म्हणालो.

"सांगावं लागतंय."

"तुमच्या पाया पडतो. त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय."

मामांचा चेहरा एकदम कडक झाला. "सर, बारा वर्षांचं माजं काय ते तुमाला म्हाईत हाय. तरी तुमी मला हे सांगताय?"

"हो," मी म्हणालो. "तरी सांगतोय."

मला वाटलं ते ओरडतील. ते नुसते टबातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग स्क्रू मुठीत घट्ट धरून ते दाराशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "अण्णा, या, दर्शन घ्या!"

अण्णा काठी टेकत आत आले, टबावर वाकले. बुडबुड्यांची माळ वर येत होती.

"कशाने झालं हे, मिस्त्री?"

"उंदीर," मामा म्हणाले.

अण्णांनी चष्मा वर सरकवला. "उंदीर ॲल्युमिनियम खातो?"

"एमआयडीसीतला हाय, अण्णा. हितल्या उंदरांना लोखंडाची सवय असती."

मामा खोटं बोलण्यात किती कच्चे आहेत हे मला तेव्हा कळलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते टायरवाल्याच्या छपराकडे बघत होते. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा टबाकडे. "असेल," ते म्हणाले. "जमाना बदलला."

नवी कॉइल बसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना नाशिक फाट्याला बाहेर रस्ता वितळत होता आणि अण्णा मागच्या सीटवर स्वेटर मागत होते. मी बेहद्द खूश होतो. गाडी गार झाली होती आणि वडिलांच्या हाताची अब्रू वाचली होती, हे दोन्ही मी एका फटक्यात साधलं होतं. अण्णांनी तर उंदराची गोष्ट डोक्यावर घेतली. डायलिसिसच्या नर्सला सांगितली, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सांगितली, घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितली. प्रत्येक वेळी उंदीर थोडा मोठा व्हायचा, आणि शेवटी ते माझ्याकडे बघून विचारायचे, "काय रे, खरं की नाही?" मी म्हणायचो, अगदी खरं. वर्गातसुद्धा इतक्या आत्मविश्वासाने मी काही सांगितलेलं नाही.

मामांकडे मात्र मी पुन्हा गेलो नाही. कामच पडलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. ज्या साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, त्याच्या ओळीत आता मीही होतो.

थंडीत अण्णा गेले. झोपेत गेले, घरी.

तेराव्यानंतरच्या रविवारी दारावरची बेल वाजली. मामा होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. कुणाकडून तरी कळलं, म्हणाले. मी चहा केला. ते सोफ्याच्या कडेला बसले आणि भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोला त्यांनी हात जोडले.

"तुमी मला खोटं बोलायला लावलं तवा लई राग आलता, सर."

"माहीत आहे," मी म्हणालो. "चुकलंच माझं."

"ऐका तर. गाडी नेली तुमी, त्याच्या पुढच्या मंगळवारी अण्णा आलते. एकलेच, रिक्षानं. घरी ज्येष्ठ नागरिक संघात चाललो म्हनून सांगितलं व्हतं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"म्हनले, मिस्त्री, ती जुनी कॉइल दाखवा. मी काढून दिली. उजेडात धरून बघितली त्यांनी. भोकातनं आरपार बघितलं. म्हनले, हे उंदराचं काम न्हाई, हे माजं काम हाय. मी कॉइल परत घ्यायला हात केला. तर अण्णाच म्हनले, बघा की, दोन इंच आत गेलाय आन् सुतभर बी वाकडा न्हाई. मी बघितलं. खरंच काटकोनात गेलता. मी म्हनलं, व्हय अण्णा, हात सरळच हाय तुमचा. खोटं न्हवतं ते."

मी हसलो.

"मग जाताना म्हनले, पोरानं तुमाला सांगितलं असंल, बोलू नका म्हनून. मी म्हनलं, व्हय. तर म्हनले, मग मला कळलंय हे त्याला कधी बोलू नका. त्याला वाटतंय बापाला वाचवलं. जन्मात पयल्यांदा त्यानं एक काम पक्कं केलंय. ऱ्हाऊ द्या."

मामांनी कप खाली ठेवला. "आता अण्णा न्हाईत. म्हनून सांगितलं. दोन खोटी सांभाळत व्हतो, सर, झोप लागत न्हवती." मग उठत म्हणाले, "शेड पाडनार हायेत, रस्ता मोटा व्हतोय. मी गावाकडं चाललो. म्हनलं, त्याच्या आदी सांगून जावं."

मी गाडीने सोडतो म्हणालो. ते नको म्हणाले, बसने जातो. मला खाली जाऊन त्यांच्याबरोबर उभं राहायचं होतं, पण मला रडू आवरत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर रडायची हिंमत नव्हती. मी गॅलरीतून बघत राहिलो. मामा रस्ता ओलांडून स्टॉपवर गेले, खिशातून रुमाल काढून त्यांनी बाकडं पुसलं आणि न बसता तसेच उभे राहिले. बराच वेळ बस आली नाही. मग आली, थांबली, आणि निघून गेली तेव्हा स्टॉप रिकामा होता. त्यानंतर मी मामांना पाहिलेलं नाही.